परमुलखातील पितृत्व : जन्म, नाव आणि नोंद
(शिरूर छावणी ते कारेगाव : एक ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना

पुणे–अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) मार्गावर, शिरूरच्या अलीकडे कारेगाव हे गाव आहे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असल्यामुळे या गावाचे स्वरूप मागील तीन दशकांत पूर्णपणे बदलले आहे. वसाहतीत कोरियन, इटालियन, अमेरिकन अशा परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत. तेथे काम करणारा कामगारवर्ग मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या भागांतून येऊन परिसरातील गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतो. अशा गावाचा अभ्यास करताना जमिनीचे भाव, रोजगार, पाणी व लोकसंख्या यांचा विचार केला जातो. परंतु परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला जेव्हा अपत्य होते, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो केवळ भावनिक प्रश्न नसून कुटुंबसंस्था, कायदा व शासकीय नोंदी या तिन्हींशी निगडित असा इतिहासाचा प्रश्न आहे.

इतिहासलेखनात गर्भारपण व बाळंतपण हा विषय फार उशिरा आला, आणि आला तेव्हा तो स्त्रीच्या अनुभवाच्या अंगाने आला. ते योग्यच होते. मात्र त्यामुळे परमुलखात प्रथमच पिता होणारा पुरुष अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील महाराष्ट्राशी संबंधित काही उदाहरणांच्या आधारे या पितृत्वाचा विचार केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) महाराष्ट्रीय लोकाचारात जन्माच्या प्रसंगी पित्याचे स्थान काय होते ते पाहणे.
२) परमुलखात हे स्थान कसे बदलले याचा ऐतिहासिक उदाहरणांद्वारे शोध घेणे.
३) नाव, नोंद व नागरिकत्व या बाबतींत पित्यावर आलेली जबाबदारी स्पष्ट करणे.

लोकाचारातील पित्याचे स्थान

गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या पुंसवन, सीमंतोन्नयन व जातकर्म या संस्कारांचा कर्ता पती अथवा पिता असतो. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने अपत्यजन्माच्या केंद्रस्थानी तो उभा आहे. प्रत्यक्ष लोकाचारात मात्र चित्र याच्या उलट दिसते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी महाराष्ट्रातील बहुतेक जातीजमातींत आढळते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते. पुढील सर्व व्यवस्था तिची आई, मावशी, काकू, शेजारच्या अनुभवी बायका आणि सुईण यांच्या हाती असते. शेकशेगडी, बाळंतकाढा, डिंकाचे व अळिवाचे लाडू, पाचवीची पूजा, सटवीचे भय ही सारी व्यवस्था स्त्रियांची आहे. जन्माचा निरोप जावयाच्या घरी पाठवला जातो. सोयर त्यालाही असते, परंतु ते तो दूर राहून पाळतो. बारशाच्या दिवशी तो पाहुणा म्हणून येतो, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मानही त्याचा नसून त्याच्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा असतो.

या रचनेत पित्याला बाहेर ठेवले होते, असे म्हणण्यापेक्षा त्याला मोकळे ठेवले होते असे म्हणणे अधिक योग्य होईल. गर्भवतीची काळजी, प्रसूतीचे धोके, नवजात बालकाची निगा यांपैकी काहीही त्याला माहीत असण्याची अपेक्षा नव्हती. माहेर ही संस्था ते ज्ञान व ते श्रम पुरवीत असे. साहजिकच जेथे माहेर पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी जन्म झाला, तर हे ओझे कोणावर पडते, हा या विषयातील मूलभूत प्रश्न ठरतो.

शिरूरची छावणी व परक्यांच्या खुणा

कारेगावच्या परिसराला परकी माणसे नवी नाहीत. घोड नदीकाठी वसलेले शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिशांचे लष्करी ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस हा १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावला. त्याच्या थडग्याला स्थानिक लोक ‘सत्पुरुषा’चे स्थान मानू लागले व तेथे नवस-नैवेद्य होऊ लागले, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. परका माणूस मृत्यूनंतर गावाच्या श्रद्धाविश्वात सामावला गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

परक्यांच्या मृत्यूच्या अशा खुणा दगडात टिकल्या. जन्माच्या खुणा मात्र केवळ कागदावर राहिल्या. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये होणारे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती कंपनी सरकारला व पुढे इंडिया ऑफिसला पाठविल्या जात. आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, ठिकाण आणि पित्याचा हुद्दा किंवा व्यवसाय नमूद केलेला असे. मातेने सोसलेल्या वेदनांचा किंवा बालकाला सांभाळणाऱ्या आयेचा त्यात उल्लेख नसे. परमुलखातील पिता इतिहासात प्रथम दिसतो तो असा, एका रकान्यातील हुद्द्याच्या रूपाने. या रकान्यापलीकडचा पिता शोधण्यासाठी पत्रे, आत्मचरित्रे व कौटुंबिक वृत्तान्त यांच्याकडे वळावे लागते. पुढील उदाहरणे त्या दृष्टीने निवडली आहेत.

सॅम्युएल न्यूएल : सासरला लिहिलेले पत्र

ज्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगर (१८३१) व शिरूर येथे केंद्रे उभारली, तिच्या प्रारंभकाळातील एक घटना या संदर्भात महत्त्वाची आहे. अमेरिकेतून निघालेले पहिले मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देशात राहण्याची परवानगी नाकारली. सॅम्युएल न्यूएल व त्याची पत्नी हॅरिएट यांना मॉरिशसच्या (त्या वेळचे आइल ऑफ फ्रान्स) दिशेने निघणे भाग पडले. हॅरिएट गर्भवती होती. ऑक्टोबर १८१२ मध्ये भर समुद्रात, जहाजावरच, तिने एका मुलीला जन्म दिला. वादळ व पावसात सर्दी होऊन ती मुलगी पाचव्या दिवशी मरण पावली. हॅरिएटला क्षयाने ग्रासले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे तिचा मृत्यू झाला. त्या वेळी तिचे वय १९ वर्षांचे होते.

या प्रवासात पतीशिवाय तिच्या नात्याचे कोणीही सोबत नव्हते. पत्नीच्या मृत्यूनंतर न्यूएलने मॅसॅच्युसेट्समधील आपल्या सासूला सविस्तर पत्र लिहून मुलीचा जन्म, तिचा मृत्यू व हॅरिएटचे अखेरचे दिवस कळविले. हे पत्र हॅरिएटच्या चरित्रग्रंथात समाविष्ट झाले व अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. एरवी जन्माचा निरोप माहेराकडून पित्याकडे जातो. येथे तो पित्याकडून माहेराकडे गेला, आणि निरोप घेऊन जाणारा तोच एकटा उरला होता. परमुलखातील पित्यावर येणारी पहिली जबाबदारी ही अशी साक्षीदाराची आहे. न्यूएल पुढे श्रीलंकेमार्गे १८१४ मध्ये मुंबईस आला आणि १८२१ मध्ये पटकीने मरण पावला.

जॉन लॉकवुड किपलिंग : दूरच्या तलावाचे नाव

अर्धशतकानंतरचे उदाहरण मुंबईतील आहे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून जॉन लॉकवुड किपलिंग याची नियुक्ती झाली. मार्च १८६५ मध्ये त्याचा ॲलिस मॅकडोनाल्ड हिच्याशी विवाह झाला, आणि लगेचच ते दोघे मुंबईस निघाले. ३० डिसेंबर १८६५ रोजी त्यांना मुलगा झाला. विवाह, समुद्रप्रवास, नवी नोकरी, नवे शहर आणि पहिले अपत्य हे सारे एकाच वर्षात घडले. ॲलिसची प्रसूती दीर्घ व अत्यंत कष्टाची झाली. दुसऱ्या बाळंतपणासाठी तिने इंग्लंड गाठले व १८६८ मध्ये मुलीचा जन्म तेथे झाला. मराठी स्त्री माहेरी जाते, तशीच ही इंग्रज स्त्रीही माहेरी गेली, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

मुलाचे नाव रडयार्ड ठेवण्यात आले. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील ज्या तलावाकाठी ॲलिस व जॉन यांची भेट झाली होती, त्या तलावाचे हे नाव होय. मुंबईत जन्मलेल्या बालकाच्या नावात मुंबईचा मागमूसही नव्हता. प्रत्यक्ष संगोपन मात्र मुंबईच्या माणसांनी केले. रडयार्ड किपलिंगच्या आत्मवृत्तात (१९३७) त्याला सांभाळणारी पोर्तुगीज रोमन कॅथलिक आया व मीता नावाचा हिंदू नोकर यांच्या आठवणी आहेत. ही मुले नोकरांशी देशी भाषेत बोलत आणि आईवडिलांसमोर आल्यावर आठवून आठवून इंग्रजी बोलत. सुईण, आजी व मावशी यांचे जे काम माहेर करते, ते येथे पगारी आया करीत होती.

पुढे १८७१ मध्ये किपलिंग दांपत्याने दोन्ही मुलांना इंग्लंडमध्ये साउथसी येथे एका अनोळखी कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवले व आपण परत आले. मुलगा त्या वेळी जेमतेम सहा वर्षांचा होता. हवामान, रोगराई, शिक्षण व उच्चार या कारणांसाठी मुलांना ‘होम’ पाठविण्याची रीत हिंदुस्थानातील इंग्रजांत सर्रास होती. त्या घरातील सुमारे सहा वर्षांचा काळ रडयार्डने पुढे आपल्या लेखनात अत्यंत दुःखद म्हणून रंगविला. पित्याचे वात्सल्य कमी होते असे यावरून म्हणता येत नाही. लाहोरच्या काळात पिता-पुत्रांचे संबंध घनिष्ठ होते व पुत्राच्या पुस्तकांसाठी पित्याने चित्रे व शिल्पे केली. तथापि मूल कोठले, या प्रश्नाचे उत्तर पित्याने नाव ठेवतानाच देऊन टाकले होते, आणि सहाव्या वर्षी ते अमलात आले.

गणेश हरी कर्मरकर : परक्या नदीचे नाव

मराठी पित्याचे उदाहरण याच्याशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. गणेश हरी कर्मरकर हे ब्रह्मदेशात कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. १५ डिसेंबर १९०५ रोजी म्यिंज्यान येथे त्यांना मुलगी झाली. हे गाव इरावती नदीच्या काठी आहे, आणि मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झालेल्या इरावती कर्वे त्या याच होत. ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता व १ एप्रिल १९३७ रोजी तो वेगळा झाला. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने कर्मरकर परदेशी नव्हते. भाषा, धर्म, आहार व नातेसंबंध यांच्या दृष्टीने मात्र ते परमुलखातच होते.

किपलिंग व कर्मरकर या दोघांनीही अपत्याला जलाशयाचे नाव दिले. एकाने मागे सोडून आलेल्या तलावाचे दिले, दुसऱ्याने समोर वाहणाऱ्या नदीचे. हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. राज्यकर्त्या समाजातील पित्याला परमुलखात आपले वेगळेपण जपणे आवश्यक वाटत होते. नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी पित्याला ती नदी आपल्या मुलीच्या नावात घेण्यात अडचण वाटली नाही. ‘इरावती’ हे नाव संस्कृत परंपरेतही असल्यामुळे ते ब्रह्मदेशात परके नव्हते व पुण्यातही परके ठरणार नव्हते. अर्थात दोनच उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम सांगता येणार नाही. परंतु पित्याने दिलेले नाव हे त्याच्या त्या भूमीशी असलेल्या नात्याचे साधन म्हणून वाचता येते, एवढे निश्चित म्हणता येईल.

पुढचा टप्पा मात्र दोन्ही कुटुंबांत सारखाच आहे. इरावतीबाईंना सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली व रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात त्या मुलीसारख्या वाढल्या. साउथसीच्या घरात जे मिळाले नाही ते येथे मिळाले. मात्र जन्मदात्या पित्याच्या वाट्याला दोन्हीकडे अंतरच आले. ज्या मुलीला स्वतः लहानपणी दोन घरे जोडावी लागली, तिनेच पुढे भारतातील नातेव्यवस्थेचा मूलभूत अभ्यास केला (१९५३), हेही नमूद करणे उचित ठरेल.

याच परांजपे घराण्यात याउलट स्थितीही दिसते. शकुंतला परांजपे यांचा विवाह युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी झाला. १९३८ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या कन्या म्हणजे चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर त्या आजोबांच्या घरी वाढल्या व आडनावही आजोळचेच राहिले. येथे पिताच परका होता आणि माहेर पूर्णपणे उपस्थित होते. माहेर समर्थ असेल तर परक्या पित्याची अनुपस्थिती भरून निघते, पण ते दूर असेल तर पित्याला माहेरचे काम करावे लागते, असे या उदाहरणांवरून दिसते.

कायद्यातील पिता

१८६५ साली मुंबईत जन्मलेला रडयार्ड आणि १९०५ साली म्यिंज्यान येथे जन्मलेली इरावती हे दोघेही जन्मभूमीच्या तत्त्वानुसार ब्रिटिश प्रजाजन होते. व्यवहारात त्यांच्या दर्जात मोठे अंतर असले तरी जन्माच्या वेळी कोणाच्याही पित्याला नागरिकत्वाचा अर्ज करावा लागला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती बदलत गेली. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार भारतात जन्मलेले मूल सामान्यतः भारतीय नागरिक होत असे. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून पालकांपैकी एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट जोडली गेली. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून केवळ जन्मावरून नागरिकत्व मिळणे थांबले. अमेरिकेत चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) दिलेल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाला तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांबाबत मर्यादा घालणारा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला व त्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले. तेथे नोकरी करणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांना प्रसूतीच्या तारखेबरोबर या आदेशाच्या तारखेचाही विचार करावा लागला.

परदेशात जन्मलेल्या भारतीय अपत्याविषयीची तरतूद पितृत्वाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. २६ जानेवारी १९५० ते १० डिसेंबर १९९२ या काळात वंशाधारित नागरिकत्व केवळ पित्याकडून मिळत असे. भारतीय मातेचे परदेशात जन्मलेले मूल तिच्या नागरिकत्वावर भारतीय ठरत नव्हते. ज्या लोकाचारात पिता बाळंतपणाच्या खोलीबाहेर होता, त्याच समाजाच्या कायद्यात मूल कोणत्या देशाचे हे मात्र एकटा पिता ठरवीत होता. १९९२ च्या दुरुस्तीने माता व पिता समान झाले. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करणे व त्याच्याकडे अन्य देशाचे पारपत्र नसल्याचे घोषित करणे आवश्यक झाले. म्हणजे पूर्वी जे आपोआप घडत असे ते आता पालकांच्या स्वाक्षरीवर अवलंबून आहे.

आजचे कारेगाव

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी माहेराच्या अभावावर एक उपाय शोधला. मुलीने माहेरी येण्याऐवजी आईच पर्यटक व्हिसावर, सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत, मुलीकडे जाऊ लागली. सामानात डिंक, अळीव व बाळंतशेपा जाऊ लागले. तरीही प्रसूतिगृहात पत्नीजवळ उभा राहणारा, बाळाला दुपटे गुंडाळणारा व जन्मनोंदणीचा अर्ज भरणारा मराठी पिता ही नवी घटना होती. त्याला ते आधी कोणी शिकविले नव्हते.

कारेगावसारख्या गावात हाच प्रश्न अल्प उत्पन्नाच्या चौकटीत उभा राहतो. बिहार किंवा मराठवाड्यातून आलेला कामगार कायद्याने परका नाही, पण त्याच्या पत्नीचे माहेर शेकडो किलोमीटर दूर असते. पत्नीला गावी पाठविले तर पित्याला अपत्याचे तोंड काही महिन्यांनी दिसते. तिला येथेच ठेवले तर एका खोलीच्या घरात सासू किंवा आई येईपर्यंत सारे त्यालाच करावे लागते. मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची रजा मिळाली. पण त्यात पितृत्व रजेची तरतूद नव्हती. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, कंत्राटी कामगाराला मात्र तिचा आधार नाही.

नोंदीच्या बाबतीत मात्र एक महत्त्वाचा बदल झालेला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते. पिता कोणत्याही प्रांताचा असला तरी शिरूर तालुक्यात जन्मलेल्या मुलाचे जन्मस्थान कायमचे शिरूर तालुका राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी हा दाखला जन्मतारीख व जन्मस्थानाचा मुख्य पुरावा ठरला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे बंधनकारक केले. छावणीच्या काळातील नोंदीत पित्याचा हुद्दा महत्त्वाचा होता. आजच्या दाखल्यात आईचे नाव प्रथम येते. दोनशे वर्षांतील हा फरक सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रीय लोकाचारात जन्माचे ज्ञान व श्रम माहेरकडे होते. परमुलखात ती संस्था पोहोचत नसल्यामुळे तिचे काम पती, पगारी आया, शेजारी किंवा रुग्णालय यांच्यात विभागले गेले.

२) परमुलखातील पित्यावर साक्ष देणे, नाव ठेवणे व नोंद करणे या तीन जबाबदाऱ्या येतात. न्यूएल, किपलिंग व कर्मरकर यांची उदाहरणे पहिल्या दोहोंचे, तर १९५५ नंतरचा नागरिकत्व कायदा तिसरीचे स्वरूप स्पष्ट करतो.

३) परमुलखातील पितृत्वाची खरी कसोटी प्रसूतीच्या दिवशी संपत नाही. मूल पाच-सात वर्षांचे झाल्यावर ते कोठे वाढवायचे हा निर्णय घ्यावा लागतो, आणि किपलिंग व कर्मरकर या दोन्ही घरांत त्या निर्णयाची किंमत पिता व अपत्य यांच्यातील अंतराच्या रूपाने द्यावी लागली. आज कामगार कुटुंबातील मूल शाळेसाठी गावी आजी-आजोबांकडे पाठविले जाते, तेव्हा तोच निर्णय पुन्हा घेतला जात असतो.

४) शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांना या विषयात स्थानिक संशोधनाला मोठा वाव आहे. जन्मनोंदींची व्यक्तिनिरपेक्ष आकडेवारी, अंगणवाडीतील पटसंख्या व स्थलांतरित पालकांच्या मुलाखती यांतून औद्योगिक गावाच्या इतिहासाचे एक अलिखित प्रकरण तयार होऊ शकते. वॉलेसच्या थडग्याची नोंद गॅझेटियरने घेतली. भाड्याच्या खोलीत जन्मलेल्या व ज्यांचे जन्मगाव आता हेच आहे अशा मुलांची नोंद स्थानिक इतिहासाने घेणे अगत्याचे आहे.